फोटोंच्या प्रती किती, आणि कुठे?

कागदावरचा जुना फोटो पिवळा पडतो, त्याच्या कडा झिजतात, तरी चेहरे ओळखू येतात. हार्ड डिस्कवरील फोटोंचे तसे नसते. डिस्क बंद पडली की शाळेच्या वीस वर्षांच्या सहली आणि स्नेहसंमेलने एका क्षणात जाऊ शकतात.

असे का होते? बाह्य हार्ड डिस्कच्या आत चुंबकीय थर दिलेल्या चकत्या असतात. त्या बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेतात. माहिती वाचणारे टोक चकतीपासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगते. आपला केस याच्या हजारो पट जाड! डिस्क हातातून पडली, टोक चकतीवर घासले, की नोंदी पुसल्या जातात. शिवाय मोटर व विद्युतमंडल यांनाही आयुष्य असतेच.

म्हणून आपण दुसरी डिस्क घेतो. तिचा फायदा गणिताने पाहू. समजा, एक डिस्क वर्षभरात बिघडण्याची संभाव्यता ५० मध्ये १ आहे. मग दोन्ही त्याच वर्षी बिघडण्याची संभाव्यता १/५० × १/५०, म्हणजे २५०० मध्ये १. तीन डिस्क असतील तर १,२५,००० मध्ये १!

पण थांबा. हा गुणाकार केव्हा चालतो? घटना एकमेकींपासून स्वतंत्र असतील तेव्हाच. तिन्ही डिस्क एकाच कपाटात असतील तर एकच आग, एकच पूर किंवा एकच चोर तिन्ही नेईल. तिन्ही सतत संगणकाला जोडलेल्या असतील तर विजेचा एकच झटका किंवा एकच व्हायरस पुरेसा आहे. मूळ फोटो चुकून पुसला आणि संगणक आपोआप सर्व प्रती 'जुळवून' घेत असेल, तर तो फोटो सगळीकडूनच पुसला जाईल. डिस्कची संख्या वाढली, स्वातंत्र्य मात्र वाढले नाही.

१९९८ साली पिक्सार या अमेरिकन कंपनीत 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाच्या बहुतेक फाइली एका चुकीच्या आज्ञेने पुसल्या गेल्या. राखीव प्रतींची व्यवस्था होती, पण ती नीट चालत नव्हती हे तेव्हाच कळले. बाळंतपणानंतर घरून काम करणाऱ्या गेलिन सुसमन या तंत्र-दिग्दर्शिकेच्या घरी एक प्रत होती, म्हणून निभावले. ती प्रत वाचली, कारण ती वेगळ्या जागी होती.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला '३-२-१' नियम हेच सांगतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक प्रत दुसऱ्या जागी. शाळेपुरते सांगायचे तर मूळ फोटो संगणकात, एक प्रत शाळेतील बाह्य डिस्कवर आणि एक डिस्क कोणा शिक्षकांच्या घरी. प्रत काढून झाली की डिस्क संगणकापासून सोडवून ठेवावी. घरची आणि शाळेची डिस्क दर सत्राला अदलाबदल करावी.

प्रत खरी उतरली का, हेही पाहायला हवे. गुणाकार तपासण्यासाठी आपण नवाचा ताळा पाहतो, तसाच फाइलींचाही ताळा असतो. नवाच्या ताळ्यात मात्र ५४ आणि ४५ यांतला फरक कळत नाही. 'शा-२५६' ही पद्धत पुष्कळ काटेकोर आहे. ती फाइलमधील सर्व माहितीवरून २५६ बिटांची एक संख्या काढते. फाइलमधील एक बिट जरी बदलला, तरी ही संख्या साफ बदलते. मूळ फाइल आणि प्रत यांच्या संख्या जुळल्या तर प्रत बरोबर. विंडोज आणि लिनक्स या दोन्हींत ही सोय आहे.

वर्गात करून पाहा: दोन फासे एकत्र ७२ वेळा टाका. 'सहा' पडले म्हणजे ती डिस्क बिघडली, असे समजा. दोन्हींवर एकाच वेळी सहा किती वेळा आले? साधारण दोनदा यावे. आता दोन्ही फाशांची सहाची बाजू वर ठेवून ते डिंकाने शेजारी शेजारी चिकटवा आणि पुन्हा टाका. फरक का पडतो, ते विद्यार्थ्यांनाच सांगू द्या. नंतर विचारा, आपल्या शाळेतील डिस्क सुट्या आहेत की चिकटलेल्या?