मोदिल्यानीच्या स्त्रिया

मोदिल्यानीनें काढलेलीं स्त्रियांचीं चित्रें प्रथमच पाहणारास एक शंका हटकून येते. या साऱ्या बायका एकाच घराण्यांतील कीं काय? लांबच लांब मान, अंडाकृति मुख, सरळ उतरलेलें अरुंद नाक, किंचित् कललेलें मस्तक. आणि डोळे तर पुष्कळदां बुबुळांवांचूनच, नुसत्या निळसर राखी रंगानें भरलेले. हुबेहूब चेहरा साधत नाहीं असा हा कोणी नवशिका असावा, असेंही एखादा म्हणेल.

तसें मुळींच नाहीं. आमेदेओ मोदिल्यानीचा जन्म १८८४ सालीं इटलींतील लिव्होर्नो बंदरांत, एका यहुदी कुटुंबांत झाला. फ्लॉरेन्स व व्हेनिस येथें त्यानें रीतसर चित्रकलेचा अभ्यास केला होता. १९०६ सालीं तो पॅरिसला आला. पुढें ब्रांकूझी या रुमानियन मूर्तिकाराच्या ओळखीनें त्यानें छिन्नी-हातोडा हातीं घेतला आणि १९०९ पासून पांच वर्षें बहुतेक दगडच फोडला. त्या काळचीं सुमारें २५ मस्तकें आज शिल्लक आहेत. तीं पाहिलीं म्हणजे कोडें निम्में सुटतें. लांबट मुख, पाचरीसारखें नाक, बदामी रिकामे डोळे हें सर्व तेथें आधींच सिद्ध आहे. आफ्रिकेंतील लांकडी मुखवट्यांचा संस्कारही त्यांत स्पष्ट दिसतो. लहानपणींच क्षयाची बाधा झालेल्या माणसास दगडाची धूळ मानवणें शक्यच नव्हतें. १९१४ च्या सुमारास त्यानें मूर्तिकाम सोडलें. पण मूर्तिकाराची दृष्टि कुंचल्यांत उतरली.

मग व्यक्ति राहिली कोठें? खरी मौज येथेंच आहे. बिअॅट्रिस हेस्टिंग्ज ही इंग्रज लेखिका त्याच्या चित्रांत आखूड, घट्ट मिटलेल्या ओठांवरून ओळखूं येते. पोलंडची लुनिया चेकोव्स्का तिच्या शांत, उंच ग्रीवेवरून. सांचा एकच, पण त्यांत जें थोडें वेगळें ठेवावयाचें तें त्यानें अचूक निवडलेलें असतें. गायक राग तोच ठेवून चीज बदलतो, तसाच हा प्रकार म्हणावा. फोटोग्राफ चेहऱ्याचा सारा तपशील देतो खरा, परंतु इतकी निवड त्याच्यानें होत नाहीं.

सर्वांत अधिक वेळां त्यानें रंगविली ती झान एब्यूतर्न. १९१७ सालीं दोघांची भेट झाली तेव्हां ती १९ वर्षांची, चित्रकलेची विद्यार्थिनी होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत बर्थ वेल या बाईच्या दुकानांत त्याचें एकमेव स्वतंत्र प्रदर्शन भरलें. विवस्त्र चित्रांवरून पोलिसांनीं तेथेंही हरकत घेतली. १९१८ च्या नोव्हेंबरांत नीस येथें झानला मुलगी झाली. पिवळ्या स्वेटरांतील तिचें चित्र याच सुमाराचें असून तें न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयांत आहे. खांद्यापासून मांडीपर्यंत सारा देह एका संथ वळणांत ओघळलेला, आणि दृष्टि कोठेंच न ठरलेली.

२४ जानेवारी १९२० रोजीं, अवघ्या ३५ व्या वर्षीं, क्षयजन्य मेंदूज्वरानें मोदिल्यानी वारला. दोन दिवसांच्या आंत, पुन्हां गरोदर असलेल्या झाननें आईबापांच्या घराच्या खिडकींतून उडी घेऊन प्राण दिला. लोक तिला ओळखतात तें त्याच्या चित्रांवरून. परंतु तिनें स्वतःही चित्रें काढलीं होतीं. तीं तिच्या घरच्यांनीं अनेक दशकें झांकून ठेविलीं. त्यांत तिनें काढलेली स्वतःची छबी आहे, आणि तिचे डोळे बुबुळांसह समोर रोखलेले आहेत.