गोठवलेला मटार शिजवताना

हिवाळा सरला की ताजा मटार महागतो आणि दुकानातल्या फ्रीजरमधलं पाकीट घरी येतं. हा मटार शिळा नसतो. सोललेले दाणे उकळत्या पाण्यातून थोडा वेळ काढून उणे 18 अंशांच्या आसपास गोठवतात. प्रथिनं आणि चोथा टिकतो. म्हणजे दाणे अर्धे शिजलेलेच असतात. तरी आपण कुकरला 3 शिट्ट्या काढतो, मग लगदा होतो. भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतलं, तर क जीवनसत्त्व मोरीत जातं.

कांदा-टोमॅटो-मसाला परतला की दाणे न वितळवता घाला, झाकण ठेवून 5-6 मिनिटं वाफ द्या. बटाटा असेल तर तो आधी शिजू द्या. उतरवल्यावर लिंबू पिळा. मटारातलं लोह अंगी लागायला मदत होते. बाया-पोरींना त्याची गरज जास्त, आणि त्याच शेवटी जेवतात!

पाकीट घेताना दाबून पाहा, दाणे सुटे लागले पाहिजेत. गठ्ठा लागला, तर मधे वितळून पुन्हा गोठला असण्याची शक्यता असते. वीज जाऊन घरचं पाकीट वितळलं, तर गार आहे तोवर लगेच शिजवा. कोमट झालं असेल तर टाकून द्या. फ्रीज नसेल तर त्या दिवशी संपेल एवढंच लहान पाकीट आणा.