बुरशी सापडली, पण आजार तिचाच का?

समजा, सीओपीडीचा पेशंट आयसीयूत व्हेंटिलेटरवर आहे. अँटिबायोटिक्स चालू आहेत, तरी ताप हटत नाही, ऑक्सिजन वाढवावा लागतोय. तेव्हा डॉक्टरांना शंका येते: फुप्फुसात बुरशी तर नाही? ती शंका तपासतात कशी, ते आज सांगतो.

ही बुरशी बहुतेक वेळा ॲस्परजिलस असते. तिचे बीजाणू हवेतच असतात. तुम्ही-मी ते रोज श्वासातून घेतो, शरीर साफ करून टाकतं. सीओपीडीत श्वासनलिका आधीच खराब, त्यात स्टेरॉइड्सनी प्रतिकारशक्ती दबलेली. मग बुरशी मुक्काम ठोकते.

अडचण पुढेच आहे. बेडक्यात बुरशी आली म्हणजे आजार झालाच असं नाही; ती श्वासनलिकेत नुसती बसूनही असते. ब्लड कॅन्सरच्या पेशंटच्या सीटी स्कॅनवर गाठीभोवती जे धूसर कडं दिसतं, ते इथं क्वचितच दिसतं. फुप्फुसाचा तुकडा तपासणं सगळ्यात पक्कं, पण व्हेंटिलेटरवर ते धोक्याचं.

म्हणून दुर्बिणीतून फुप्फुसात सलाइन सोडून परत ओढतात आणि त्यात गॅलॅक्टोमॅनन, म्हणजे बुरशीच्या पेशीभिंतीतला पदार्थ, शोधतात. अशा पेशंटमध्ये रक्ताच्या तपासणीपेक्षा हे जास्त भरवशाचं. तरी निर्णय एका रिपोर्टवर होत नाही. लक्षणं, सीटी, स्टेरॉइड्स सगळं जुळवावं लागतं. उशीर झाला तर जिवावर बेततं, आणि उगाच व्होरिकोनॅझोल दिलं तर लिव्हरला त्रास.

तुमच्या घरचं कुणी असं ॲडमिट असेल, तर स्टेरॉइडच्या गोळ्या किती दिवस घेतल्या, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. मेडिकलमधून परस्पर आणलेल्यासुद्धा!