दुकानाची दर्शनी काच : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावरील भोकर या तालुक्याच्या गावी, मराठवाड्यातील इतर गावांप्रमाणेच, फळ्यांच्या आणि पुढे पत्र्याच्या शटरांच्या दुकानांना आता काचेची दर्शनी बाजू येऊ लागली आहे. दुकानाच्या शोभेविषयी जितकी चर्चा होते, तिच्या शतांशानेही ती काच उचलून उभी करणाऱ्या हातांविषयी होत नाही, म्हणून या कामाबद्दल रूढ असलेल्या काही समजुती तपासून पाहणे अगत्याचे वाटते.

सर्वांत घातक समज असा की, काचेचे भय ती फुटण्यात आहे. वस्तुतः पहिले भय तिच्या वजनाचे आहे. एक चौरस मीटर काचेचे वजन जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरमागे अडीच किलो भरते. म्हणजे सात फूट उंच, चार फूट रुंद आणि १२ मिलिमीटर जाड असे एकच तावदान सुमारे ७८ किलोचे, सिमेंटच्या दीड पोत्याहून जड असते. पारदर्शक असल्यामुळे हे वजन डोळ्यांस जाणवत नाही, आणि म्हणूनच भिंतीला टेकवून ठेवलेल्या दहा तावदानांतील मागचे एक काढण्यासाठी पुढची नऊ छातीवर झेलून धरण्याचे साहस माणूस करतो. तोल एकदा उभ्या रेषेपलीकडे गेला की सात क्विंटलांचा तो भार दोघाचौघांच्या बळाला आवरत नाही. काचा नेहमी मागे झुकलेल्या, तळाशी रबर वा लाकूड असलेल्या घोडीवर पट्ट्याने बांधून ठेवाव्यात, आणि एकेक करून पुढूनच काढाव्यात.

याच्याच पोटी दुसरा समज येतो : निसटणारी काच सावरणे हे कारागिराचे कर्तव्य. नियम नेमका उलट आहे. काच पडू लागली की हात सोडून बाजूला व्हावे; तिच्या पडण्याच्या वाटेत कोणी उभे राहू नये, आणि मागे हटण्याचा मार्ग काम सुरू करण्यापूर्वीच मोकळा करून ठेवावा. परंतु फुटलेल्या काचेची किंमत आपल्या मजुरीतून वळती होईल, ही धास्ती ज्याच्या मनात आहे तो ती काच सोडणार नाही. तेव्हा नुकसानीचा भार कामगारावर पडणार नाही, अशी स्पष्ट कबुली मालकाने आणि ठेकेदाराने आधीच देणे, ही मला कोणत्याही अवजाराइतकीच आवश्यक तजवीज वाटते.

टफन काच फुटत नाही, असेही पुष्कळजण मानतात. ही काच सुमारे ६२० ते ६५० अंश सेल्सियसपर्यंत तापवून हवेच्या झोताने एकाएकी थंड करतात. त्यामुळे तिच्या पृष्ठभागात दाब आणि गाभ्यात ताण कायमचा राहतो आणि ती साध्या काचेपेक्षा चार ते पाच पट बळकट होते. पण तिची कड नाजूकच असते. फरशीवर कोपरा टेकला, तरी सबंध तावदान क्षणार्धात बारीक तुकड्यांत विखुरते. ती बनल्यावर कापता वा भोके पाडता येत नाही, म्हणून बिजागरी, कुलूप, फ्लोअर स्प्रिंग यांची मापे आधीच अचूक द्यावी लागतात. जागेवर घासून बसवू म्हणणे हे अपघाताला निमंत्रण होय. इमारतीतील सुरक्षा काचेसाठी भारतीय मानक २५५३, भाग १ हे आहे. काचेच्या कोपऱ्यातील कायमची खूण पाहूनच माल ताब्यात घ्यावा.

‘घट्ट बसली की पक्की झाली’ हीदेखील चुकीची समजूत. ॲल्युमिनियम उष्णतेने काचेच्या सुमारे अडीच पट प्रसरण पावते, आणि चाळीस अंशांवरचे उन्हाळे सोसणाऱ्या या मुलखात तो फरक नगण्य नाही. चौकटीत चोहोबाजूंनी फट हवी, काच तळाशी रबरी ठोकळ्यांवर टेकलेली हवी, आणि धातूचा वा स्क्रूचा तिला कोठेही स्पर्श नसावा.

अवजारांपैकी व्हॅक्यूम कपावर विश्वास फार ठेवला जातो. तो काचेला चिकटतो तो केवळ बाहेरच्या हवेच्या दाबाने. मध्ये धूळ, ओल किंवा चिकटवलेली फिल्म आली की पकड हळूहळू सुटते, आणि सुटताना आवाज होत नाही. कापसाच्या हंगामात तंतू नि धूळ हवेत तरंगत असता, काच व रबर दोन्ही पुसल्यावाचून कप लावू नये. पंपाच्या कपावरील लाल रेषा दिसू लागली, तर काच लगोलग खाली टेकवावी. वळिवाचा वारा सुटला असेल, तर मोठे तावदान उचलूच नये.

हातमोज्याने पकड जाते म्हणून उघड्या हातांनी काम करणारे आढळतात. सुती मोजा काचेच्या धारेपुढे निरुपयोगी आहे, हे खरे. परंतु कापण्यास प्रतिरोध करणाऱ्या धाग्याचा, तळव्याला रबर असलेला मोजा पकड वाढवतो. मनगटाला वेगळे आवरण हवे, कारण तेथील धमनी त्वचेच्या अगदी निकट असते. जखमेत रुतलेली काच उपटू नये. तिच्या दोन्ही बाजूंनी दाब देऊन १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

राहता राहिला एक कायदेशीर गैरसमज. काच बसविणारा हा बांधकाम कामगार नव्हे, असे कारागीर स्वतःही मानतात. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या कामांच्या यादीत मात्र काच कापणे आणि काचेची तावदाने बसविणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. वय १८ ते ६० असून मागील वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला देणाऱ्यास नोंदणी करता येते, आणि मंडळाच्या योजनांत नोंदीत कामगारांसाठी सुरक्षा संचही आहे.