पितळेचे पातेले आणि बाळाचे यकृत

आमच्या घरच्या फडताळात पितळेचे एक पातेले आहे. आजोबांनी ते भंडाऱ्याहून आणले होते. भरवेलीत कल्हईवाला आला की भाता लागे, नवसागराचा पांढरा धूर उठे आणि कथिलाचा हात फिरताच पातेल्याचे पोट रुप्यासारखे लखलखे. परंतु ही फेरी वर्षातून एकदाच. कल्हई उडाल्यावर मधले कित्येक महिने दूध उघड्या पितळेतच तापे.

आमच्या जन्मापूर्वी आमचा थोरला भाऊ दीड वर्षाचा होऊन गेला. पोट टणक होऊन फुगले, डोळे पिवळे झाले. ‘लिव्हर वाढली’ एवढेच निदान. आईचे दूध बाधते, असे कोणीसे म्हणाले. म्हणून ते तोडून बाळाला वरचे दूध सुरू केले होते. आपल्याच दुधाने मूल गेले, हे शल्य आईने जन्मभर उरात बाळगले.

असे कसे होत असेल, याचे उत्तर यकृताच्या पेशींच्या मरणात आहे. पेशी मरते ती दोन तऱ्हांनी. ऑस्ट्रेलियातील जॉन केर यांना उंदरांच्या यकृतात काही पेशी आक्रसून, गाजावाजा न करता नाहीशा होताना दिसल्या. १९७२ मध्ये त्यांनी वायली व करी या सहकाऱ्यांसह या मरणाला ‘अपॉप्टोसिस’ असे ग्रीक नाव दिले. त्याचा अर्थ पानगळ. आमच्याकडील सागाची पाने गळावीत आणि नवी पालवी फुटावी, तसेच हे. यकृताची पालवीही मोठी चिवट. उंदराच्या यकृताचा दोन तृतीयांश भाग कापला तरी ते पूर्ववत भरून येते, हे १९३१ मध्येच सिद्ध झाले आहे.

दुसरे मरण अपघाती. पेशी फुगते, फुटते आणि तिच्यातील द्रव्ये बाहेर सांडतात. रक्ततपासणीत ‘एस.जी.पी.टी.’ वाढलेले दिसते ते हेच सांडलेले द्रव्य. त्या सांडलवंडीने दाह उसळतो, आणि एरवी ‘अ’ जीवनसत्त्व साठवून स्वस्थ बसणाऱ्या ताराकृती पेशी जाग्या होऊन चिवट तंतू विणू लागतात. जखमेवर खपली धरावी तसा हा प्रकार; परंतु जखमा थांबल्याच नाहीत तर सारे यकृतच व्रणांनी भरून जाते. पानगळ अतोनात झाली तरी परिणाम हाच. मग आतड्यांकडून येणाऱ्या रक्ताची वाट अडते आणि पोटात पाणी साचते. यालाच सिऱ्हॉसिस म्हणतात.

मद्यपी प्रौढांचा म्हणून ओळखला जाणारा हा विकार आपल्या देशात मात्र दूधपित्या बालकांना होत असे, आणि एकाच घरातील दोन-तीन भावंडे त्याने जात. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे यांनी इंग्लंडच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासह त्याचा माग काढला. १९७९ मध्ये अशा बालकांच्या यकृतात तांबे अनेक पटींनी अधिक असल्याचे प्रसिद्ध झाले. १९८३ मध्ये बोट ठेवले गेले ते तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापवलेल्या व साठवलेल्या दुधावर. दुधातील प्रथिने भांड्यातील तांबे ओढून घेतात. अतिरिक्त तांबे पित्तावाटे बाहेर टाकण्याची शक्ती तान्ह्या यकृतात पुरती आलेली नसते. साचलेले तांबे पेशींची ऊर्जाकेंद्रे जाळते, पेशी फुगून मरतात, आणि नवी पालवी फुटेनाशी होते.

ऑस्ट्रियाच्या टिरोल भागातही १९०० ते १९७४ या काळात १३८ बालके अशाच विकाराने दगावली. तेथे गाईचे दूध बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यांत तापवीत. ती भांडी गेली, रोगही गेला. आनुवंशिकतेचाही यात भाग असावा, कारण त्या भांड्यांतील दूध पिणारे प्रत्येक मूल आजारी पडले नाही. आपल्याकडे स्टील आले आणि हा विकार दुर्मीळ झाला.

तांबे हा काही शत्रू नव्हे. आमच्याच जिल्ह्यात मलाजखंडला त्याची मोठी खाण आहे आणि शरीरालाही ते लेशमात्र हवेच. प्रश्न मात्रेचा आणि वयाचा. हल्ली पितळेची भांडी पुन्हा हौसेने घरात येत आहेत. वाचकहो, ती अवश्य आणा. पण कल्हई वेळेवर करून घ्या, आणि तान्ह्याचे दूध त्यांत तापवू नका, साठवूही नका. आईचे दूध तर विनाकारण कधीच तोडू नका.

भावाला हाच विकार झाला होता, असे आज छातीठोकपणे म्हणता येत नाही. तरीही हे सारे आम्ही एकदा आईला समजावून सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणजे माझं दूध नव्हे ना?” दुसऱ्या दिवशी तिने पातेले चुलीजवळून उचलून फडताळात ठेवले. ते अजून तेथेच आहे.