फुस्स कुठून येतंय?

रात्रीचे साडेअकरा. तळेगावजवळच्या ढाब्याबाहेर मामाचा ट्रेलर उभा. वर चाळीस फुटी कंटेनर, सकाळी न्हावा-शेवा बंदरात पोचायचा. शेठचा तिसरा फोन येऊन गेलेला. आणि मामा इंजिन बंद करून, ब्रेकवर पाय दाबून, खिडकीबाहेर कान देऊन बसलेला. ‘‘ऐकू येतंय?’’ येत होतं. शिट्टी व्हायच्या आधी कुकर करतो तसं बारीक ‘सूंऽऽ’.

मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला. न्यूमॅटिक्सला मार्कही बरे आहेत. तरी विचारलंच, ‘‘एवढीशी हवा गेली तर काय होतंय? कॉम्प्रेसर भरतोच आहे ना?’’

मामाने नुसता काटा दाखवला. ८ बार होतं, मिनिटभरात साडेसातवर. अमेरिकेत ट्रेलरच्या लायसन्ससाठी अशीच चाचणी द्यावी लागते. इंजिन बंद, ब्रेक दाबलेला, आणि मिनिटाला ४ पीएसआयपेक्षा जास्त प्रेशर उतरता कामा नये. म्हणजे पाव बारहून किंचित जास्त. आमचं जवळपास दुप्पट.

हवा गेली की ब्रेक फेल, असं आपल्याला वाटतं. पण ट्रकचा पार्किंग ब्रेक लावते ती स्प्रिंग, हवा फक्त तिला मागे रेटून धरते. हवा संपली की स्प्रिंग सुटते आणि चाकं जाम. मग भीती कसली? पायाच्या ब्रेकला मात्र हवाच लागते. उतारावर सारखा ब्रेक मारला की टाकी रिकामी होत जाते, त्यात ही गळती. साधारण ४ बारला बझर वाजतो. त्यानंतरही प्रेशर उतरत राहिलं तर मागची चाकं भर घाटात, नको तिथे धरतात. आणि आम्हाला पुढे खंडाळ्याचा उतार होता.

चाकांना ठोकळे लावून हँडब्रेक सोडला आणि शोध सुरू झाला. ब्रेकवरचा पाय काढला की आवाज बंद, दाबला की चालू. एवढ्यावरून मामाने अर्धा ट्रक बाद केला. टाक्या ठीक, त्यांना भरणारे पाइपही ठीक. दोष ब्रेक दाबल्यावर जिथे हवा जाते तिथे.

मग मामा केबिनमध्ये आणि मी बाटलीतलं साबणाचं पाणी घेऊन खाली. माझा संशय केबिनमागच्या कपलिंगवर होता, कारण आवाज तिथूनच आल्यासारखा वाटत होता. फेस नाही. चेसिसला घासणाऱ्या पाइपवर टाकलं. नाही. रात्री लोखंडाखाली कान फसतात, बुडबुडे फसवत नाहीत. शेवटी ट्रेलरच्या मधल्या एक्सलला, डावीकडच्या ब्रेक चेंबरच्या बारीक भोकातून भसाभस फेस आला. आतला रबरी डायफ्राम फाटला होता.

चहा पीत बघणारा एक ड्रायव्हर म्हणाला, ‘‘पाइप दुमड, तार बांध, निघ. सकाळी बघ.’’ खरं सांगतो, मला पटलं होतं. काटा जागेवर राहिला असता, आवाजही थांबला असता. फक्त त्या चाकाला ब्रेक उरला नसता, आणि हे मीटरवर दिसलंच नसतं.

मामाने शेठला फोन लावला. ‘‘दोन तास लागतील.’’ पलीकडचं बोलणं इथे छापण्यासारखं नाही.

शेजारच्या गॅरेजमधून मिस्त्रीला उठवलं. त्याने आधी ट्रेलरच्या टाकीतली हवा सोडली. हा चेंबर साधा, म्हणून क्लॅम्प तिथेच उघडला. स्प्रिंगवाला असता तर हात लावला नसता, म्हणाला. ती दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जातो. डायफ्रामची चीर नखाएवढी होती. टाकीतून हवेबरोबर पाणी आलं, त्यावर तेलाचा तवंग. कॉम्प्रेसर तेल फेकतोय, त्या तेलाने रबर खराब होतं, हे त्याने दोनदा बजावलं. ते काम परतल्यावर.

नवा डायफ्राम, पुन्हा साबण, पुन्हा मिनिटभर काट्याकडे टक लावून. हलला, पण जेमतेम.

निघालो तेव्हा पावणेदोन. खंडाळ्याच्या अलीकडे मामाने गिअर खाली घेतला आणि मी लावलेली गाणी बंद केली. खिडकी उघडीच होती.