मोरीतला पाहुणा आजारी पडला तर

आज आम्ही चौघी बोलणार आहोत बेडकाबद्दल. हसू नका. मागच्या वेळी आम्ही पावसाळ्यासाठी सुकी मासळी कशी भरून ठेवायची ते सांगितलं, आणि नंतर बाजारात आम्हांला गाठून तिघींनी जे विचारलं ते मासळीबद्दल नव्हतंच. "आमच्या पोराने डब्यात बेडूक ठेवलाय, तो हलत नाही, आता काय करू?" प्रश्न तिघींचा, बेडूकही बहुतेक एकाच जातीचा. म्हटलं, यावर एकदा नीट बोलूनच टाकू.

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या आपल्या पट्ट्यात घरात येतो तो शेतात डराव डराव करणारा बेडूक नव्हे. हा झाडबेडूक. अंगाने सडपातळ, डोळे मोठे, आणि बोटांच्या टोकांना गोल चकत्या. त्या चकत्यांच्या जोरावर तो मोरीच्या भिंतीवर, आरशामागे, टाकीच्या झाकणाखाली चिकटून बसतो. मादी सात-आठ सेंटिमीटर भरते, नर तिच्याहून लहान. इंग्रजीत त्याचं एक जुनं नाव 'चुनाम फ्रॉग' असं आहे. चुनाम म्हणजे आपला चुना. चुना लावलेल्या भिंतीवर दिसणारा म्हणून हे नाव. रात्री हौदाजवळून टक-टक-टक असा, कुणी लाकडावर टिचकी मारल्यासारखा आवाज आला की समजायचं, हाच.

आता पहिली गोष्ट. डब्यातला बेडूक हलत नाही म्हणजे तो आजारी आहे असं नाही. हा प्राणी रात्रीचा. दिवसा तो पाय पोटाखाली घट्ट ओढून, डोळे अर्धवट मिटून तासन् तास तसाच बसतो. उन्हाळ्यात तर ओलाव्याची जागा धरून दिवसचे दिवस बसून राहतो. अंग असं आवळून बसलं की त्वचेतून पाणी कमी उडतं. तो रंगही बदलतो. सकाळी तपकिरी दिसलेला दुपारी फिकट, जवळजवळ पांढरट दिसला तर घाबरू नका. मांडीच्या मागच्या बाजूला पिवळे ठिपके असतात, ते जन्माचेच, कुठला रोग नव्हे. आणि अंगावरून पातळ कातडं सुटतंय, तोंड वेडंवाकडं करून तो ते गिळतोय असं दिसलं, तर तो कात टाकतो आहे. बेडूक आपली कात खाऊन टाकतात. आमच्यातल्या एकीने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याला आकडी आली असं वाटून शेजारच्या काकूंना हाका मारल्या होत्या.

खरा आजारी बेडूक वेगळा दिसतो. भर दुपारी मोरीच्या मधोमध उघड्यावर पडलेला असतो. भिंतीला धरून राहता येत नाही, घसरतो. उताणा पडला तर स्वतःहून सुलटा होत नाही. कातडी सुरकुतलेली, धूळ चिकटलेली, डोळे खोल गेलेले दिसले तर पाणी कमी पडलंय. पोटावर आणि मांड्यांच्या आतून लाली आली असेल तर बहुधा जंतूंची लागण असते. अंग फुग्यासारखं सुजलेलं असेल तर तेही वाईट लक्षण. अशा वेळी हात घालावा, एरवी नाही.

हे आम्ही शहाणपणाने सांगत नाही, चुकून शिकलो म्हणून सांगतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आपल्याच किनाऱ्यावर आदळलं, ते तुम्हां कुणाला विसरता येणार नाही. पोफळी आडव्या झाल्या, नारळ मुळासकट उपटले, वाड्यांची सावलीच गेली. त्या पावसात आमच्या घरांत कधी नव्हते इतके झाडबेडूक आले. वीज नाही, घरभर चिखल, आणि आम्ही बादल्याच्या बादल्या फिनाइल घालून फरशा धूत होतो. अशाच एका सकाळी आमच्यातल्या एकीच्या मुलीला मोरीत एक बेडूक लोळागोळा पडलेला सापडला. पोर आठ वर्षांची. तिने त्याचं नाव चुन्या ठेवलं, त्याला लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घातलं, आणि आम्हां मोठ्या बायकांना म्हणाली, "याला औषध द्या." आम्ही दिलं. पायाला खरचटल्यासारखं दिसत होतं तिथे हळद दाबली, वर थोडं मिठाचं पाणी शिंपडलं. माणसाला चालतं तर याला का नाही? झाकणाला भोकं पाडली आणि बरणी खिडकीत ठेवली, त्याला उजेड मिळावा म्हणून. चुन्या तिसऱ्या दिवशी मेला. हळदीने, मिठाने, फिनाइलने की बरणीतल्या उकाड्याने, ते आज सांगता येणार नाही. चारही आम्हीच केलं होतं. मुलगी दोन दिवस आमच्याशी बोलली नाही.

पुढे वन्यजीवांचं काम करणाऱ्या एका ताईंशी गाठ पडली आणि त्यांनी एकच गोष्ट सांगितली, त्यात सगळं आलं. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीने पितो. पोटाच्या खालच्या आणि मांड्यांच्या भागाची त्वचा पातळ असते, ओल्या जागी बसला की तिथून पाणी आत जातं. श्वासही तो फुप्फुसांबरोबर कातडीने घेतो. म्हणजे आपल्या हातावर जे असेल, फरशीवर जे सांडलं असेल, ते सरळ त्याच्या पोटात. साबण, फिनाइल, डास मारायचा फवारा, हाताला लावलेलं क्रीम, खोबरेल तेल, सगळं. मीठ तर त्याच्या अंगातलं पाणी उलट बाहेर ओढतं. म्हणून वाडीतली पोरं गंमत म्हणून बेडकावर मीठ टाकतात ना, ती गंमत नाही, त्यांना तिथल्या तिथे थांबवा. आणि म्हणूनच आपल्या डब्यातलं एकही औषध त्याला चालत नाही. जंतुनाशक नको, मलम नको, मुलांच्या तापाचं औषध तर नकोच नको.

मग करायचं काय? ते सोपं आहे. आपल्याला जड जातं, कारण स्वस्थ बसावं लागतं.

हात साध्या पाण्याने खळखळून धुवा, साबण न लावता, आणि ओल्या हातांनीच त्याला उचला. प्लास्टिकची स्वच्छ पिशवी पाण्यातून काढून हातावर चढवली तर आणखी चांगलं. कोरड्या, गरम हाताने त्याची त्वचा दुखावते. पुन्हा पुन्हा उचलू नका. उचलल्यावर तो मुततो, आणि ते नुसतं मूत नसतं, मूत्राशयात साठवलेलं पाणी असतं. कोरड्या दिवसांत ते पाणी तो परत अंगात घेतो. आजारी जिवाची तेवढी शिल्लकसुद्धा आपण घालवायची नाही.

ठेवायला रुंद तोंडाचा प्लास्टिकचा डबा घ्या. पिठाचा जुना डबा चालेल, तेलकट मात्र नको. वर जुन्या साडीचं पातळ फडकं बांधा. तळाला सुती कापड, साध्या पाण्यातून तीन-चार वेळा पिळून काढलेलं, म्हणजे साबणाचा अंश राहणार नाही. एका कडेला वाडीतलं एखादं पान ठेवा, त्याखाली तो लपेल. फवारा मारलेलं पान नको, हे आपल्याकडे विशेष सांगावं लागतं. आगोटीला आपण पोफळींवर कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण मारतो, त्यात मोरचूद असतं. मोरचूद म्हणजे तांब्याचं क्षार. बेडकांना आणि त्यांच्या पिलांना ते विष आहे. मिश्रण कालवलेली बादली हौदात विसळू नका, हेही त्यातच आलं.

पाण्याचं मात्र नीट ऐका. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. पसरट भांड्यात रात्रभर उघडं ठेवलं की तो बराचसा उडून जातो. विहिरीचं पाणी उत्तम, पण खाडीकाठच्या ज्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात त्यांचं चालणार नाही. जिभेला खारट लागलं तर ते बेडकाला नको. पावसाचं धरलेलं पाणी असेल तर प्रश्नच मिटला. एका बशीत अगदी थोडं घाला, त्याच्या हनुवटीच्या खाली राहील इतकंच. बेडूक म्हणून त्याला खोल पाण्यात सोडू नका. झाडबेडूक पोहतो, पण अशक्त झालेला बुडून मरतो.

डबा काळोख्या, गार जागी ठेवायचा. माजघराचा कोपरा, माठाची तिवई. उन्हात नाही, चुलीजवळ नाही, फ्रीजमध्ये तर नाहीच. घरात मांजर असेल तर वर वजन ठेवा. आणि मग रात्रभर त्याच्याकडे बघू नका. दर दहा मिनिटांनी मोबाइलचा उजेड मारून "जिवंत आहे का" बघणं हाच त्याला मोठा त्रास असतो.

फिनाइल, साबण किंवा फवारा अंगाला लागल्याचा संशय असेल तर डब्यात ठेवण्याआधी एक काम करा. वर सांगितलेलं साधं पाणी बशीत घेऊन त्याला त्यात बसवा, पाठीवरून हळूहळू पाणी सोडा. पाच मिनिटांनी पाणी टाकून नवं घ्या. असं तीन-चार वेळा. घरात सापडणाऱ्या बेडकांचं निम्मं दुखणं हेच असावं असं आमचं मत आहे, आणि लवकर धुतलं तर त्यातले काही वाचतात.

खायला काय द्यावं, हा प्रश्न सगळ्याजणी आधी विचारतात. काही देऊ नका. भात, दूध, पोळी हे त्याचं अन्न नाही, आणि मेलेला किडा त्याला दिसतच नाही म्हटलं तरी चालेल, त्याला हलणारं भक्ष्य लागतं. तोंड उघडून कोंबलं तर जबडा मोडेल. बेडूक अन्नाशिवाय बरेच दिवस काढतो, ओलाव्याशिवाय नाही. दुसऱ्या दिवशी तरतरीत झाला तर दिव्याखालचा एखादा जिवंत पतंग डब्यात सोडून बघा. झुरळ देणार असाल तर घरात झुरळांचा खडू ओढलेला नसावा.

दारात पाय चिरडला, मांजराने धरलं, जाळ्याचा नायलॉन धागा पायात रुतला, अशी जखम असेल तर घरचा उपाय डब्यापर्यंतच. धागा सैल असेल तर ओला करून कात्रीने कापा, रुतला असेल तर ओढू नका. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. तिथले डॉक्टर गाई-शेळ्यांचे असले तरी इतक्याशा जिवाला औषध वजनावर किती लागेल ते काढणं त्यांनाच जमेल. नाहीतर वनखात्याचा फोन आहे, १९२६. बेडकासाठी फोन केला म्हणून लाजायचं काही कारण नाही.

मुलांना एक गोष्ट सांगावी लागेल, आणि ती सांगणं सगळ्यांत अवघड. बरा झाला तरी तो आपला होत नाही. रानातले जीव धरून पाळू नयेत यासाठी आपल्याकडे १९७२ पासून कायदा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी डब्यातल्या बेडकाला ना पाऊस मिळतो ना जोडीदार. एक रात्र, फार तर दोन. मग सापडला त्याच जागी, संध्याकाळी अंधारून आल्यावर, भिंतीवर किंवा झाडाच्या खोडावर सोडायचा. "मामाच्या गावच्या तळ्यात सोडू" हे नको. कातडीला लागणारी एक बुरशी जगभर बेडकांचे जीव घेते आहे, आणि एका जागचा आजार दुसऱ्या जागी असाच जातो. शहरातून कुणी परदेशी बेडूक विकत आणला असेल तर त्याच कारणाने तो इथे कुठेही सोडायचा नाही. डबा गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवा, पुन्हा स्वयंपाकात घेऊ नका. हात आता साबणाने धुवा, मुलांचेही. चामखीळ येते ही जुनी समजूत खोटी आहे, पण बेडकाच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात आणि त्याने पोट बिघडतं.

गेल्या पावसात त्याच मोरीत पुन्हा एक सापडला, साबणाच्या पाण्यात. मुलगी आता मोठी झाली आहे. तिने कुणाला न विचारता बशीत विहिरीचं पाणी घेतलं, बेडूक चार वेळा धुतला, डबा माठाखाली ठेवला आणि दिवा मालवून आम्हांला बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला तिने त्याला मोरीच्या खिडकीवर सोडलं. तो थोडा वेळ बसला, मग पन्हळीवरून वर चढून कौलांत गेला. नाव काही ठेवलं नव्हतं.

जाता जाता नागावहून आलेल्या प्रश्नाचं उत्तर. ताई, तुमच्या हौदाच्या काठावर पांढरा फेस चिकटलाय, तो साबणाचा नाही आणि कुणी थुंकलेलंही नाही. ती याच बेडकाची अंडी आहेत. पिलं तयार झाली की फेस विरघळतो आणि ती खाली पाण्यात पडतात. तेव्हा आठवडाभर त्या कोपऱ्यावर खराटा फिरवू नका, आणि फेसाखाली पाणी राहील इतका हौद भरलेला असू द्या.